झालंच नाही असं

धुरी वकीलबाईंनी आधी पंखा बंद केला,
कागद उडत होते.
मग म्हणाल्या, घटस्फोट वेगळा, हे वेगळं.
घटस्फोटात लग्न असतं आणि मोडतं.
इथं कोर्ट म्हणतं, ते नव्हतंच.

मी विचारलं, मग अकरा महिने
मी कुणाच्या घरी तांदूळ निवडत होते?

त्या हसल्या नाहीत.
लग्नपत्रिका आणा, म्हणाल्या, दोन फोटो,
नोंदणीचा दाखला,
आणि जे झालं नाही
ते कधीपासून झालं नाही, तारखेनिशी.

ओरोसला नोटरीच्या टेबलाशी
टाइपिंगवाला पोरगा एका शब्दावर अडला.
समागम.
दोनदा चुकला, कान लाल.
मीच सांगितलं, पहिल्या म ला काना दे.

अर्जात मावलं नाही ते असं:
गुरुनाथ खळ्यात झोपायचा, समुद्राकडे पाठ करून,
आणि पहाटे आत येऊन
दोन उशा शेजारी शेजारी लावायचा,
त्याच्या आईनं दार उघडलं तर बरं दिसावं म्हणून.
एकदा माझ्या टाचेत कालव घुसलं.
त्यानं सुईनं काढलं, फुंकर घातली,
आणि हात असा मागे घेतला
जसा कुणी दुसऱ्याच्या टोपलीतला मासा
उचलून परत ठेवतो.

त्यानंच काढला विषय,
होडीला डांबर लावताना, वर न बघता.
"माझ्यार लिव. डाक्टराचो कागद देतंय.
तुझ्यार कायएक येवचा नाय."
आणि तुझ्यावर?
त्यानं ब्रश डब्यात बुडवला.

वकीलबाईंनी बजावलं,
कोर्टात एकत्र येऊ नका.
संगनमत दिसलं तर अर्ज जाईल.

संगनमत!
अख्ख्या तोंडवळीत
आमचं तेवढंच एक जमलं होतं.

म्हणून मालवण-कसाल गाडीत
तो ड्रायव्हरच्या मागे, मी मागच्या चाकावर.
त्याचं तिकीट पूर्ण, माझं बायकांचं अर्धं.
कट्ट्याला ओळखीची मावशी चढली,
एकदा पुढे बघितलं, एकदा माझ्याकडे.
"काय गे, खंय?"
"तारखेक."

पहिल्या तारखेला नोटीस निघाली.
दुसरीला त्याचं वकीलपत्र.
तिसरीला साहेब रजेवर,
मी बाकावर बसून एक अख्खं शहाळं संपवलं,
तो समोर वडाखाली, बिडी न पेटवता.
मधे दोन तारखा कशात गेल्या आठवत नाही.
मग एकदा दार लावून घेतलं.
आत साहेब, स्टेनो, दोन वकील, आम्ही,
आणि खिडकीत एक मांजर, तिला कुणी हटकलं नाही.

साहेबांनी सावकाश विचारलं,
आवाजात चौकसपणा नव्हता, तेवढं बरं.
गुरुनाथ उभा राहिला.
"साहेब, हिचा काय चुकलेला नाय."
स्टेनोनं ते शुद्ध करून घेतलं:
अर्जदाराची कोणतीही चूक नाही.
त्यापुढे तो जे बोलला
ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते.
ते मी इथं लिहिणार नाही.

हुकूमनाम्याची नक्कल दीड महिन्यानं मिळाली.
रद्द, असा एक शब्द,
बाकी सगळी कलमं.

आईनं कागद उलटसुलट केला.
"म्हंजे लगीन झालाच नाय?"
नाही.
"लोक जेवान गेले ते?"
मी गप्प.
"आणि तांब्याचो हंडो? तो तरी परत येतलो मा?"

तिसऱ्या दिवशी हंडा दारात होता.
चिंचेनं घासलेला, आत एक वाळूचा कण नाही.
कोण ठेवून गेलं, कुत्राही भुंकला नाही.
काठाखाली कोरलेलं तसंच,
सौ. शमिका गुरुनाथ कुबल, आणि तारीख.

आईनं विहिरीवरून भरून आणला,
ठेवला न्हाणीत,
नावाची बाजू भिंतीकडे करून.