करडी पाकिटं

मार्केट यार्डात हळदीची पोती वाहतो मी.
कपड्यांत एक पिवळा डाग जास्तीचा, कुणाला कळणार?
अक्काताईला कळला.
हळदीचा डाग उन्हात उडतो;
हा दोन उन्हं खाऊन तसाच.

सांगलीच्या सिव्हिलमध्ये बाईंनी विचारलं,
जळजळ कधीपासून? पू येतो?
मी सगळं पंख्याला सांगितलं.
त्या लिहीत राहिल्या,
पोत्यांची वजनं लिहावीत तशा.

मग दोन करडी पाकिटं.
एक तिथंच, पाण्याच्या ग्लासाबरोबर.
"दुसरं घरी. एकट्यानं घेऊन भागत नाही,
परत येतं."

रात्री भाकरी थापून झाल्यावर
पाकीट तिच्यासमोर ठेवलं.
तिनं गोळ्या उजेडात धरल्या,
पिठाच्या बोटांनी.
"जेवणाआधी का नंतर?"
एवढंच.

साठ किलो उचलतो मी.
हे उत्तर उचलेना.