रकाना सातवा

दर ऑक्टोबरात मी तक्ता भरते.
विद्यापीठाच्या नऊ संकुलांतून आकडे येतात,
गोठलेल्या माशांसारखे एकमेकांना चिकटलेले,
मी ते सुटे करते:
वेल्डर इतके, नर्सेस इतक्या, शाळेवर मास्तर इतके,
सांडपाण्याची यंत्रं चालवणारे दोन.
शेवटचा रकाना सातवा:
प्रदेशाची गरज किती टक्के भागली?

या वर्षी सेंट ओदिलचे शंभर आले.
शंभर कुठेच येत नाहीत.
म्हणून बघायला गेले, पेट्रोलचं बिल न लावता,
साडेपाच तास उत्तरेला,
जिथे रेडिओ बोलता बोलता फ्रेंच होतो
आणि नदीपलीकडे कॅनडा असतो.

बटाटे काढायची सुट्टी होती. शाळेची पोरं वावरात,
गावात फक्त म्हातारे आणि कुत्री.
रोझेर पेल्की दारातच उभा होता.
वय त्रेपन्न. त्यातली सत्तावीस कागदाच्या गिरणीत.
गिरणी बंद झाली त्या दिवशीच्या शेवटच्या रिळाचा
हातभर तुकडा घरी आणलेला त्यानं.
अजून कोरा आहे. काय लिहावं ते सुचलं नाही म्हणे.

मग रात्रीचे वर्ग, जुन्या बोलिंग हॉलमध्ये.
विद्यापीठानं तिथे चार खाटा टाकल्या
आणि एक रबराची बाई,
बटण दाबलं की बाळंत होणारी.
वर्गानं तिचं नाव ठेवलं बर्नादेत.
"एकवीसदा मोकळी केली तिला," रोझेर म्हणाला.
त्याचं एक बोट अर्धंच आहे, रोलरनं नेलेलं.
शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, या हातांना जमेल?
हा म्हणाला, बाई,
ओला कागद धरलाय या हातांनी, पळता,
फाटू न देता.

चौदा जण शिकले. मे महिन्यात चौदांना प्रमाणपत्रं.
जूनमध्ये इस्पितळानं प्रसूती विभाग बंद केला.
वर्षाला एकसष्ट बाळं.
हिशोबात बसत नव्हती.

घोडं वेळेवर सजून आलं होतं,
वरातच निघाली नाही.

मी तक्ता पुन्हा तपासला, गाडीच्या बॉनेटवर पसरून.
मागणी चौदा. पुरवठा चौदा.
मागणी कधी विचारली होती,
त्याला रकाना नाही.
(सहा वर्षांपूर्वी. ते मला नंतर कळलं.)

पाच जणी दक्षिणेला गेल्या. ओदेत सायर बँकेत बसते.
रोझेर त्याच इस्पितळात आहे, वरच्या मजल्यावर,
म्हाताऱ्यांकडे. बहुतेक गिरणीतलेच,
त्याच पाळीत खोकणारे.
त्यांना रात्री दोनदा कुशीवर वळवावं लागतं.
"रिळासारखं नाही," तो म्हणाला,
आणि थोडं थांबून, "थोडं तसंच."

सप्टेंबरात एक बाई आली, बटाट्याच्या ट्रकमध्ये,
मातीचे हातमोजे घातलेली.
पुढचं इस्पितळ चौऱ्याण्णव मैलांवर.
वरून याला बोलावलं.
वाहनतळावर, ट्रकच्या सीटवर, मुलगी झाली.
तिच्या दाखल्यावर इस्पितळाचं नाव घालता येईना,
कारण तिथे बाळंतपणं होत नाहीत.
दोन दिवस सगळ्यांनी डोकं लावलं,
शेवटी रस्त्याचा क्रमांक लिहिला.

निघताना बोलिंग हॉल उघडून दाखवला त्यानं.
खाटा हलवलेल्या. भिंतीला उंच शिडी,
पट्टे, आकडे, दोरखंड:
आता पवनचक्कीचे तंत्रज्ञ हवेत म्हणे, बावीस.
बर्नादेत बुटांच्या काउंटरमागे आडवी,
वायर गुंडाळून पोटावर ठेवलेली.
रोझेरनं चादर तिच्या गळ्यापर्यंत ओढली.
सवयीनं असेल.

सातव्या रकान्यात मी शंभर लिहिले.
खोटं नव्हतं.
खालच्या ओळीत बावीस. त्याच्या शेजारी,
समासात, पेन्सिलीनं:
कोणाला विचारलं, कुठल्या तारखेला.
साहेब खोडतील.
पेन्सिल मी जरा दाबूनच धरली होती.