आडवा हात

नान म्हणजे रोटी नव्हे,
हे तिनं ओठांत टाचण्या धरूनच सांगितलं,
माझ्या पँटची मोहरी दुमडता दुमडता.
नान हा प्रांत आहे. डोंगर आहेत, नदी आहे,
नदीचंही नाव नानच.
हडर्सफील्डमध्ये हे रोज कुणाला तरी सांगावं लागायचं,
म्हणून काचेवरून तिनं गावाचं नाव खरवडून काढलं.
आता नुसतंच : चेन, पडदे, उंची कमी करणे.

मी बस चालवतो.
गणवेश नेहमी दोन इंच लांब येतो,
यॉर्कशरच्या माणसाच्या मापाचा.
त्या दोन इंचांमुळे बुआकेवची ओळख झाली.

भिंतीवर कॅलेंडर आहे, तिकडच्या कुठल्या बँकेचं,
नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात अडकलेलं.
देऊळ आहे. चार दिशांना चार दारं,
आणि दोन नाग, इकडून डोकी काढून, तिकडून शेपट्या,
अख्खं देऊळ पाठीवर घेतलेले.
कुठं निघालेत? मी विचारलं.
कुठं नाही, ती म्हणाली, पाठ धरलीय त्यांची.

वर डोंगरात, म्हणे, मिठाच्या विहिरी आहेत.
समुद्र कुठल्या कुठं, आणि पोहऱ्यात खारं पाणी.
बायका रात्रभर भट्टीवर ढवळत बसतात.
पावसाळ्यात भट्ट्या बंद,
मीठसुद्धा तेवढे महिने उपास धरतं.
आईनं दिलेली पुरचुंडी
मशीनच्या खणात आहे, बटणांच्या डब्याशेजारी.
ती जेवणात घालत नाही.
जेवणात तेस्कोचं.

मागच्या खोलीत एक छोटा माग.
तिच्या गावच्या बायका कापडात पाणी वाहवतात,
लाल, काळं, मग एक चंदेरी रेघ,
लाट लाटेला धरून.
इथं सूत महाग, म्हणून तिनं
बंद पडलेल्या गिरणीतली लोकर आणली, पोत्यावर भावात.
जाड लोकरीत पाणी वाहीना.
पायऱ्यापायऱ्यांनी उतरलं
आणि चौथ्या पायरीवर बसून राहिलं.
यॉर्कशरचं पाणी! म्हणाली,
आणि उसवायला घेतलं.

मग मीही सांगितलं.
इचलकरंजीत आमच्या भिंतीला भिंत लावून चोवीस माग.
दिवाळीत ते थांबले
की आम्हा भावंडांना झोप यायची नाही.
वडील पंचेचाळिशीतच ठार बहिरे.
आई त्यांच्याशी गुपितंही ओरडून बोलायची,
ताईचं मोडलेलं स्थळ, गळ्यातलं गहाण टाकलेलं,
काय असेल ते.
गल्लीला आधी कळायचं, वडिलांना मागाहून.

त्यावर ती काही बोलली नाही.
उठली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा
कॅलेंडरचं पान उलटलं.
जून. त्याच देवळाच्या आतली भिंत :
अंगभर गोंदलेला पुरुष,
एक हात बाईच्या खांद्यावर,
दुसरा तोंडाशी,
तिच्या कानात काहीतरी सांगतोय.
काय सांगतोय, ते गावात प्रत्येक जण वेगळं सांगतं.

तेवढ्यात डोरीन हेग आल्या, स्कर्टचं इलॅस्टिक घेऊन.
वय सत्त्याऐंशी. तीस वर्षं गिरणीत,
कान तिथेच ठेवून आलेल्या.
त्या काळी मागांच्या आवाजात
गिरणीतल्या बाया ओठांनीच बोलायच्या, ओठच वाचायच्या.
अजूनही समोरच्या फुटपाथवरचं भांडण
त्या काचेतून वाचून दाखवतात, शिव्यांसकट.

बुआकेवनं चित्राकडे बोट केलं.
डोरीनबाईंनी चष्मा बदलला,
कागदाला नाक लागेपर्यंत जवळ गेल्या.
बराच वेळ.
माझी पँट टेबलावर, एक पाय शिवलेला,
एकात टाचण्या.

नाही सांगता येत, त्या म्हणाल्या.
हात आडवा आहे.

मग जरा थांबून,
बहिरी माणसं बोलतात तसं, उगाच मोठ्यानं :
पण हा कुजबुजत नाहीये, पोरी.
गळ्याच्या शिरा बघ.
ओरडतोय तो.
शेजारी माग चालू असणार.