सामान : एक

फाटकावर पिवळा बोर्ड :
दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.
त्याच्या खाली, जुन्या रंगात, हात हलवणारं अस्वल –
या, बालमित्रांनो!

नेरुळचा मंगळवार. खाडीकडून खारट वारा.
छातीवरच्या झोळीत शलाका,
वय अकरा महिने,
जन्म टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यातला.
किरण, असा अर्थ धरून नाव ठेवलं.
शलाका म्हणजे काडीसुद्धा,
हे मागाहून लक्षात आलं,
रजा संपवून वाशीच्या केंद्रावर
दिवसाला दीडशे काड्या
बाटलीच्या काठावर मोडताना.

चौकीतल्या भोपीकाकांनी आधी बोर्ड दाखवला,
मग माझे डोळे नीट पाहिले.
"तुम्हीच ना त्या? नाकातून पार मेंदूपर्यंत?"
"मीच."
"निगेटिव्ह आलो मी."
जसं काही पेपर मीच तपासला होता.

तापाची बंदूक रोखली.
शलाकानं कपाळ पुढे केलं,
तीट लावून घ्यावी तसं.
काकांनी वही ओढली, दोरीला बांधलेलं पेन झटकलं.
व्यक्ती : एक.
पेन थांबलं. काका रस्त्याकडे बघून आले.
सामान : एक.

आत सगळं थांबलेलं.
आकाशपाळण्याच्या वरच्या डब्यात कावळ्याचं बिऱ्हाड.
गरगर फिरणाऱ्या कपबशांमध्ये पाणी,
मी वाकून अळ्या आहेत का ते बघितलंच.
सवय.
झुकझुकगाडी निळ्या ताडपत्रीखाली,
म्हणून मीच निघाले रुळांवरून,
बोगद्यातून, सिमेंटच्या डोंगराला वळसा घालून.
मास्कमध्ये शिट्टी वाजत नाही,
नुसतं कापड ओलं होतं.
प्रवाशाची तक्रार नव्हती.

चक्राच्या घोड्यांना रंग द्यायला आलेला एकजण
तिथेच सावलीत डबा उघडून बसलेला,
एका कानाला लोंबणारा मास्क,
चपाती, वांगं, हातानं फोडलेला कांदा.
सहा फूट, मी मनात मोजले. आणखी दोन घातले.
शलाका मात्र थिजली.
घोडे नाही, डोंगर नाही, अस्वल नाही –
परक्या माणसाला नाकाच्या खाली
एवढं सगळं असतं?
ते उघडतं, मिटतं, त्यात दात असतात,
आणि तिच्याकडे बघून ते
एका बाजूनं वाकडं होतं, गोड?

तिनं माझ्याकडे वळून बघितलं.
माझ्याकडे, म्हणजे निळ्या कापडाकडे.
सहा महिन्यांची असताना तिनं पाहिलेला चेहरा,
त्यानंतर घरातही मी अशीच,
पाजताना, निजवताना, रडताना.
रोज दीडशे जणांना मी म्हणते, आ करा,
गावभरच्या दाढा मला पाठ आहेत,
आणि हिचा पहिला दात
सासूबाईंनी फोनवर सांगितला,
मी वाशीत होते.

तिनं कापड मुठीत धरलं, ओढलं.
मी ओढू दिलं.

बराच वेळ बघत राहिली.
ओळख पटली असं म्हणणार नाही,
नाकावरच्या वळाकडे बघितलं, मग ओठांकडे.
म्हणाली, "आ."
मी आ केला.
तिनं बोट घातलं थेट घशापर्यंत,
न विचारता, दोन वेळा फिरवून.
मला उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं,
सगळ्यांना येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं,
असं मीच सांगते लोकांना.

रंगारी हसत होता. हातातला घास तसाच.

फाटकापाशी मास्क पुन्हा वर.
भोपीकाकांनी वेळ टाकली : बारा चाळीस.
व्यक्ती, बाहेर.
सामानापुढे पेन जरा रेंगाळलं.
"काय लिहू?"
"लिहा," मी म्हटलं, "नमुना घेतला.
अहवाल यायचाय."