दाढ

कॅनडा कॉर्नरला, मेडिकलच्या वर,
दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना,
तिसऱ्यावर बोरस्ते डॉक्टर.
आम्ही लिफ्टमध्ये दोनचं बटण दाबतो.
वरचा एक मजला पायांनी.

हे नोटांच्या प्रेसमध्ये होते एकतीस वर्षं.
छापून आलेल्या कागदात चूक शोधायची:
शाई फाकली, रेघ हलली, आकडा बुजला,
की तो बाजूला.
रिटायर झाले, तर नोकरी घरी आली.
गॅसचं बटण. कडी. गॅसचं बटण.
रात्री अडीचला नळ.

नाशिकरोडला क्वार्टरमध्ये असतो
तर अहिऱ्यांनी भिंतीपलीकडून विचारलं असतं,
काय हो, झोप नाही का?
इथे पाथर्डी फाट्याला अकरा मजले,
खाली हायवे, रात्रभर ट्रक मुंबईकडे,
आणि आमच्या खिडकीतला दिवा
कोणाच्याच नजरेत येत नाही.

नणंद म्हणाली, त्र्यंबकला शांत करून घ्या.
केली.
दक्षिणा ह्यांनी इतक्यांदा मोजली
की गुरुजींचीच शांती ढळली.

बोरस्ते म्हणाले, ही सवय नाही, आजार आहे.
औषध आहे. वेळ लागेल.
किती, ह्यांनी विचारलं.
सहा आठवडे. कदाचित आठ.
ते 'कदाचित' ह्यांना सोसेना.
गोळी मात्र घेतली.

बाहेर पडलो तर दारातच खैरनारबाई,
आमच्याच सोसायटीतल्या, बी विंग.
मागे त्यांचा तन्मय, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.
चौघंही आपापल्या चपलांकडे बघत राहिलो.
"दाढ," मी म्हणाले.
"आमचीही," त्या म्हणाल्या.
डोक्यावर पाटी होती, केवढ्या अक्षरांत,
मानसोपचार.

परवा भाजीच्या गाडीवर
मेथीच्या जुड्या उलटसुलट करताना
त्यांनी हळूच विचारलं, ठणका कसा आहे?
रात्रीचा असतो थोडा. तुमच्याकडे?
काल जेवला. आमच्यासोबत, टेबलावर.
मध्येच भाजीवाला म्हणाला,
लवंग धरा ना ताई दाताखाली.
आम्ही दोघी इतक्या हसलो
की त्याने कोथिंबीर जास्तीची टाकली.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं.
ओट्यापाशी उभे होते, हसले.
मग वळून बटण पाहिलं, पुन्हा पाहिलं.
चार वेळा.
गेल्या महिन्यात अकरा होतं.

हल्ली मीच मोजते.