टिपणी, अक्षरं चोवीस

पाचव्या सत्रात आमच्या वाट्याला एक बंद पडलेला कारखाना आला.
बाकीच्यांना सायकलींच्या बनावट कंपन्या,
पुस्तकातल्या, ज्यांचा ताळेबंद दर वर्षी जुळतो.
मला आणि थुईला मात्र झेल्बच्या चिनीमातीचा खराखुरा साठा:
एकेचाळीस हजार ओळी,
आमच्या जन्माआधीच्या संगणकातून उतरवलेल्या.
काम एवढंच, की जुन्या तक्त्यातून
सगळं नव्या प्रणालीत नेऊन ठेवायचं,
न फोडता.

न फोडता, हा विनोद प्राध्यापक हेल्मब्रेख्तांचा.
दर वर्षी करतात म्हणे.

वस्तूंचे क्रमांक गेले. नग गेले.
भाव गेले, मार्कांचे युरो होऊन, दोन दशांश स्थळांपर्यंत.
कपाचा कान वेगळा भाग म्हणून नोंदलेला;
तोही गेला कपाच्या मागोमाग
फॉरेन कीचं बोट धरून.

अडला तो शेवटचा रकाना.
टिपणी. अक्षरं चोवीस.
नव्या प्रणालीत त्याला घरच नाही.
तिथे कुणीतरी लिहून ठेवलेलं:
'निळा जास्त, पण शोभतो'
'जोडी फुटली, एकटी विका'
'हा कान डावखुऱ्यांसाठी ना'
(पुढचं लिहायला जागा पुरली नसावी)
आणि तीनशे अकरा ओळींत, सगळ्या कॉफीदाण्या,
नुसतं एक अक्षर: डब्ल्यू.

वेर्टलोस, थुई म्हणाली. कवडीमोल.
तिच्या आईचं फुलांचं दुकान आहे, होफ स्टेशनाच्या दारात.
सुकलेलं त्याच संध्याकाळी टाकायचं
हे ती अक्षरओळखीच्या आधी शिकलेली.
मलाही पटलं.
एका आज्ञेसरशी तीनशे अकरा ओळी गेल्या,
लॅपटॉपच्या पंख्याचा आवाजसुद्धा बदलला नाही.

परिशिष्टात स्रोत लिहावा लागतो,
तेवढ्या दोन गुणांसाठी आम्ही तिचा पत्ता काढला.
ओत्तिली त्साइटलर. वय त्र्याऐंशी.
चर्चच्या मागे, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
कोठारात एकोणतीस वर्षं.
आमचा कागद तिने आधी उलटा धरला,
मग भिंगातून पाहिला.

'वेर्टलोस? कसलं वेर्टलोस, पोरींनो!
टाकायचा माल मी नोंदवीन कशाला?
वाइन्ट. रडते.
ओतून झालं तरी तोटीतून एक थेंब ओघळतो ना,
ती रडकी. माल चांगलाच असतो.
गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, बस.'

आणि तिने आम्हाला कॉफी ओतली.
दाणीच्या तोटीखाली रबराने बांधलेला स्पंज,
त्यावर पत्र्याचं पिवळं फुलपाखरू.
तरी एक थेंब पडलाच,
टेबलावरच्या जुन्या तपकिरी डागाशेजारी,
आणि तिने तो पुसला नाही.

परतीच्या गाडीत थुई खिडकीकडे तोंड करून बसली.
रेहाउ आलं, गेलं. बर्फ धड पडतही नव्हता.
रात्री बॅकअप उघडला.
तीनशे अकरा. दोनदा मोजल्या.

नव्या रकान्याला नाव दिलं: स्वभाव.
लांबीवरून भांडलो. ती म्हणे, दोनशे पंचावन्न.
मी म्हणे, चोवीसच ठेवू या,
जागा कमी पडली की माणूस कामाचं तेवढंच लिहितो.
'आणि अर्धवट,' ती म्हणाली.
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोनशे पंचावन्न ठेवली.

गुण: एक पूर्णांक सात. आमच्याकडे आकडा लहान तितकं बरं,
म्हणजे वाईट नाही.
समासात हेल्मब्रेख्तांचा शेरा, लाल शाईत:
'या रकान्याची व्यावसायिक गरज स्पष्ट होत नाही.'

एक गोष्ट ओत्तिलीला विचारायची राहिली.
तो डावखुऱ्यांचा कान:
नाही? नाजूक? की नाममात्र?
थुईचं बोट एकदा कळफलकावर गेलं,
तसंच परत आलं.
दोनशे पंचावन्न अक्षरांच्या ऐसपैस जागेत
अजून तसंच आहे ते,
हा कान डावखुऱ्यांसाठी ना