रोहिणी लागली

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, रात्रपाळी.
सिव्हिलच्या बायकांच्या वॉर्डात पंखे फिरत होते,
वारा मात्र जिथल्या तिथे.
"काल रोहिणी लागली," फरशी पुसता पुसता भागूमावशी म्हणाल्या,
"आता चौदा दिवस भाजून काढंल."

बावीस नंबरच्या खाटेवर नरसम्मा येलदी.
वय साठ की पासष्ट, तिलाही ठाऊक नाही.
दोन दिवसांचे जुलाब, जीभ टाळूला चिकटलेली,
आणि शिरा कुठे दडून बसलेल्या देव जाणे.
पट्टा आवळला, थोपटलं, चोळलं,
मनगटावर एकदा, पंजाच्या पाठीवर दोनदा,
काहीच नाही.
मग कोपराच्या खळगीत बोटाखाली काहीतरी उडालं
आणि मी खूश झाले.
शीर उडत नसते, हे मला माहीत होतं.
दोन मार्कांना लिहिलं होतं मी ते.

सुई घातली. रक्त आलं,
मागितल्याच्या आधीच आलं,
रंगाच्या पिंपातून नुकत्या काढलेल्या सुतासारखं लाल.
नळी जोडली, चक्री सोडली,
तर सलाईन खाली यायचं सोडून
रक्तच वर चढायला लागलं,
थांबत, सरकत, थांबत, सरकत,
दर पायरीला दम घेणाऱ्या माणसासारखं.

माझ्या दुसऱ्या हातात उलटीचं इंजेक्शन, भरून तयार.

दुधभाते सिस्टर तीन खाटांपलीकडून आल्या.
ओरडल्या नाहीत. सिरिंज काढून घेतली, ट्रेमध्ये ठेवली.
"पट्टा सोड. सुई काढ. दाब.
दहा मिनिटं. मधे उचलून बघायचं नाही."

करमाळ्याच्या शाळेत, विज्ञानाच्या पुस्तकात
दोन रंगांचा एक माणूस होता,
निळ्या त्या नीला, तांबड्या त्या रोहिणी.
वर्गात या दोन्ही नावांच्या मुली होत्या,
आम्ही खूप हसलो होतो.

भिंतीवरचं घड्याळ, कै. कुणाच्यातरी स्मरणार्थ,
सव्वाचारला बंद पडलेलं.
म्हणून अंगठ्याखालचे ठोके मोजायला लागले.
मिनिटाला शंभर धरू. हजार मोजायचे.

"काय मोजती?" तिने डोळे न उघडता विचारलं.
"हजार."
"मी रोज मोजते. पंचवीसचा एक कट्टा,
चाळीस कट्टे झाले की हजार.
मग कारखान्यात तो चाळतो, छाट काढतो.
छाटीचे पैसे नाहीत.
विडी पण परत देत नाही."

आणि तीही मोजायला लागली, ओठांतल्या ओठांत,
ओकटि, रेंडु, मूडु,
पंचवीस झाले की दुसऱ्या हाताचं एक बोट मिटायचं.

मी दाबलेल्या हाताच्या बोटांकडे बघत होते.
तंबाखूने पिवळी, पानं कापून कापून घट्टे पडलेली.
ते औषध आत गेलं असतं
तर ही एकेक थंड पडली असती.
मग काळी.
अंगठा आणखी जोरात दाबला,
जसा काही त्या विचारावरच.

सहाशेच्या आसपास माझा आकडा चुकला.
तिचा नाही.

"दुखतंय का?"
"एम काले. काही नाही झालं.
हजारात एखादी छाट निघते, पोरी."

मी सांगितलं नाही
की तू माझी हजारावी नाहीस,
एकोणिसावी आहेस.

नंतर सिस्टरांनी दुसऱ्या हाताला
बोलत बोलत सुई लावली,
पहिल्याच खेपेला.
रजिस्टरमध्ये दोन ओळी माझ्याकडून लिहून घेतल्या.
चहा ओतताना म्हणाल्या,
"अंगठ्यानेच मोजलंस ना?
अंगठ्याला स्वतःची नाडी असते, बाई.
शिकवलंय तुम्हाला."

म्हणजे त्या हजारातले
तिचे किती होते
आणि माझ्याच भीतीचे किती,
ते आता कुणी चाळून देणार नाही.

आठ वाजता सात रस्त्याला उभी होते,
हातात कटिंगचा ग्लास,
अंगठा काचेवर उडत होता.
ऊन तेवढ्यातच डोक्यावर आलेलं.
रोहिणी संपायला अजून बारा दिवस होते.